स्वस्ताईचे दिवस

मराठी घरांतून एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्या काळी रुपयाला किती शेर तांदूळ येत, साजूक तूप कसे डब्याने घरात येई, आणि एकट्या कारकुनाच्या पगारात सात माणसांचे घर चालून वर चार पैसे गाठीला कसे राहत, याची ती गोष्ट. सांगणाऱ्याने ती आपल्या आजोबांकडून ऐकलेली असते आणि आजोबांनी ते दिवस स्वतः पाहिलेले असतात. वाचकहो, या गोष्टीत खोटे असे काही नाही. फक्त तिचे साल कोणी सांगत नाही. साल लावून पाहिले तर पुष्कळदा ते १९३० ते १९३६ च्या दरम्यानचे निघते. म्हणजे ज्या वर्षांना साऱ्या जगाच्या इतिहासात महामंदी म्हणून ओळखतात, तीच ही आपल्या आठवणीतली स्वस्ताईची वर्षे!

आता हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे असेल? मंदी म्हणजे लोकांचा हात आखडणे, दुकानात गिऱ्हाईक न फिरकणे. आणि इकडे तर घराघरांत तुपाचे डबे. या कोड्याचे उत्तर शोधायचे तर लोकांनी खर्च कमी केला हे ओळखायचे कसे, कोणत्या खुणेवरून, हे आधी पाहिले पाहिजे. घरातला खर्च कमी झाला म्हणून कोणी सरकारला अर्ज करीत नाही. त्याच्या खुणा भलत्याच ठिकाणी उमटतात. बंदरावरच्या आयातीच्या नोंदींत, सराफाच्या काट्यावर, टपाल कचेरीच्या बचतखात्यात.

पहिली खूण भावांची. १९१४ च्या जुलै महिन्यातला भाव शंभर धरून कलकत्त्याच्या घाऊक बाजाराचा एक निर्देशांक सरकार काढीत असे. निर्देशांक म्हणजे नुसती मोजपट्टी, जुन्या शंभराच्या मालाला आज किती पडतात ते सांगणारी. हा आकडा १९२९ साली १४१ होता. १९३० साली ११६ झाला, १९३१ साली ९६, आणि १९३३ साली ८७. चार वर्षांत भावांची जवळजवळ चाळीस टक्के घसरण! आणि ही सरासरी झाली. शेतमालाची पडझड तिच्याहून मोठी होती. कापूस, भुईमूग, ज्वारी यांचे भाव निम्म्यावर आले, काही ठिकाणी त्याच्याही खाली गेले.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि त्यामुळे हे झाले, असे शाळेत शिकवतात. ते अर्धेच खरे. धान्याचे आणि कापसाचे साठे जगभर त्याआधीच तुंबले होते. बाजार कोसळल्यावर पतपेढ्यांनी पैसा आवरला, साठे धरून ठेवायला कर्ज मिळेना, म्हणून ज्याने त्याने माल मिळेल त्या भावाला काढला. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडली. १९२७ च्या चलन कायद्याने रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स असा बांधून टाकला होता. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी हिल्टन यंग आयोगात याला विरोध केला होता, दर सोळा पेन्सच हवा असे त्यांचे म्हणणे होते. रुपया महाग ठेवला की परदेशी गिऱ्हाइकाला आपला माल महाग पडतो. मग तो विकायचा तर आपल्याकडच्या रुपयातल्या भावानेच खाली यायचे. हा दर टिकवण्यासाठी सरकार चलन आवळीत राहिले. खेड्यात पैसा आधीच दुर्मिळ, तो आणखी दुर्मिळ झाला.

आता शहरात या. मुंबईच्या कामगारवर्गाच्या राहणीखर्चाचा निर्देशांक १९२९ साली १४९ होता, तो १९३२ साली १०९ वर आला. सरकारने १९३१ च्या डिसेंबरपासून आपल्या नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात केली, आणि त्या कपातीबद्दल त्या काळी मोठी ओरड झाली. पण हिशेब करून पाहा. ज्याचे शंभर होते त्याच्या हाती नव्वद आले, आणि त्या नव्वदात १९२९ सालच्या सव्वाशे रुपयांच्या जवळपास माल येऊ लागला. म्हणजे पगार कापला जाऊनही हा गृहस्थ पूर्वीपेक्षा सधन झाला! त्याच्या घरी तूप डब्याने आले ते यामुळे. कपात पुढे १९३३ साली निम्मी झाली, १९३५ साली पूर्ण उठली. भाव मात्र खालीच राहिले.

या माणसाने आपल्या वाढीव पैशाचे काय केले, तेही दिसते. टपाल कचेरीच्या बचतखात्यात साऱ्या देशाचे मिळून १९२९-३० च्या अखेरीस सुमारे ३७ कोटी रुपये होते; १९३३-३४ च्या अखेरीस ते ५२ कोटींच्या घरात गेले. मंदीच्या ऐन भरात बचत वाढते आहे! ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनी तो व्यापारात घातला नाही. टपालात, विम्यात, आणि घरांत घातला. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या आणि शिवाजी पार्कच्या इमारती पुष्कळशा याच दशकातल्या आहेत. लोखंड स्वस्त, सिमेंट स्वस्त, मजूर स्वस्त. मजूर स्वस्त का, हा प्रश्न त्या गच्चीवर वारा खात बसलेल्या मंडळींना पडला नसेल तर त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण आपल्याला तो पडायला हवा.

मजूर खेड्यातून येत होता, आणि खेड्यात गोष्ट अगदी उलटी होती. शेतकऱ्याचे उत्पन्न भावावर चालते आणि देणे रोखीवर. शेतसारा रोख रकमेत ठरलेला, तीस-तीस वर्षांसाठी. सावकाराचे कर्ज रोखीत, व्याज रोखीत. समजा, एखाद्याला साऱ्याचे आणि व्याजाचे मिळून साठ रुपये भरायचे आहेत. पूर्वी पंधरा मण ज्वारी विकून ते निघत असतील तर आता तीस मण विकावी लागणार. शेत तेवढेच, पाऊस तेवढाच, खाणारी तोंडे तेवढीच. मुंबई प्रांताच्या बँकिंग चौकशी समितीने १९३० च्या सुमारास प्रांतातल्या शेतकऱ्यांचे कर्ज ८१ कोटी रुपये असल्याचा अंदाज केला. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानचा आकडा ९०० कोटी होता. भाव निम्मे झाले म्हणजे हे कर्ज कागदावर तेवढेच राहून मालाच्या मापाने दुप्पट झाले. कोणी नवीन पैसा उचलला नाही, तरी दुप्पट! शिवाय सावकाराचाही पैसा अडकून पडला, तेव्हा त्यानेही हात आखडता घेतला. पेरणीला उधार मिळणे मुश्किल झाले.

अशा वेळी घर काय करते? आधी जे लांबवता येते ते लांबवते. लुगडे जुनेच दंड घालून नेसायचे. छपराची कौले पुढच्या वर्षी. लग्न एक साल थांबते, थांबता येत नसेल तर चार दिवसांचे दोन दिवसांवर येते. यात्रेला घरातले सगळे न जाता एकजण जातो. रेल्वेला याचा जबर फटका बसला. १९२४ च्या करारानुसार रेल्वेने दरसाल सरकारी तिजोरीत आपल्या नफ्याचा वाटा घालायचा असे. १९३१-३२ पासून तो वाटा बंद पडला आणि पुढची कित्येक वर्षे सुरू होऊ शकला नाही. तिसऱ्या वर्गाचा उतारू घरी बसला आणि मालाच्या वाघिणी रिकाम्या धावल्या, एवढाच त्याचा अर्थ.

मिठाकडे मात्र पाहू नये. सरकारी कागदांतून मिठाचा खप हे रयतेच्या सुखाचे लक्षण म्हणून दाखवण्याची जुनी चाल आहे. पण मीठ माणूस शेवटपर्यंत सोडीत नाही. १९३१ साली मिठाच्या करावर पंचवीस टक्के अधिभार बसला, पोस्टकार्ड अर्ध्या आण्याचे पाऊण आण्याला झाले. मीठ लोकांनी तरी घेतलेच. कार्ड मात्र लिहायचे की नाही याचा विचार करता येतो. जी वस्तू टाळता येते तिच्यावरच हलाखीची खूण उमटते, हे ध्यानात ठेवावे.

आता कापड. इथे इतिहास लिहिणाऱ्याची खरी परीक्षा आहे. १९२९-३० साली परदेशातून सुमारे १९० कोटी वार सुती कापड आले. दुसऱ्याच वर्षी ते ९० कोटी वारांच्या खाली गेले, आणि १९३१-३२ साली ७८ कोटींच्या आसपास. एका वर्षात निम्म्याहून अधिक घट! पण १९३० च्या मार्चमध्ये दांडीयात्रा निघाली होती, परदेशी कापडाच्या दुकानांवर स्त्रियांनी निरोधन केले होते, मुंबईचे मूळजी जेठा मार्केट कित्येकदा बंद राहिले होते. मग ही घट देशभक्तीची की दारिद्र्याची? त्या वेळच्या राष्ट्रीय वर्तमानपत्रांनी सगळे श्रेय बहिष्काराला दिले. सरकारी अहवालांनी मंदीकडे बोट दाखवले. दोघांचीही सोय त्यात होती.

मला वाटते, इथे एक दुसरी वस्तू शेजारी ठेवून पाहावी. मोटारगाड्या घ्या. १९२९-३० साली सतरा हजारांवर मोटारी देशात आल्या. १९३१-३२ साली सात हजारांच्या आसपास. यांतल्या पुष्कळशा अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या कारखान्यांतल्या. अमेरिकन मोटारीवर कोणी निरोधन केले नव्हते. ती न घेणारा माणूस पैशाअभावी तरी घेत नव्हता, नाहीतर उद्याच्या धास्तीने. तेव्हा कापडाच्या घसरणीतही मंदीचा वाटा मोठा असला पाहिजे. बहिष्काराने मात्र एक फार चांगले काम केले. जो खर्च व्हायचा उरला होता तो देशी गिरण्यांकडे वळवला. त्या वर्षांत देशी गिरण्यांचे कापड कमी झाले नाही, वाढले.

आणि एवढ्यावर कापडाची गोष्ट संपत नाही. १९३२-३३ साली, मंदी कायम असताना, परदेशी कापडाची आयात एकदम १२० कोटी वारांच्या वर गेली. लोक सुधारले का? मुळीच नाही. १९३१ च्या डिसेंबरात जपानने आपले चलन सोन्यापासून तोडले, येन स्वस्त झाला, आणि जपानी कापड पडत्या भावात बाजारात आले. ज्याला देशी लुगडे परवडत नव्हते त्याने जपानी घेतले. खर्च कमी होण्याची ही दुसरी रीत. वस्तू सुटत नाही, ती हलक्या प्रतीची येते. बाजारातली संख्या वाढलेली दिसते आणि त्यावरून कोणी म्हणेल की बरकत आहे. खरी गोष्ट गठ्ठ्यांच्या मोजणीत न दिसता त्यांच्या किमतीत दिसते.

गिरणीमालकांनी ओरड केली, आणि १९३३ साली ब्रिटिशेतर कापडावरची जकात पंचाहत्तर टक्क्यांवर गेली. यावर जपानच्या गिरण्यांनी हिंदी कापूस घ्यायचे बंद केले. आता जपान घेत असे तो आखूड धाग्याचा कापूस. त्याचे बाजारातले नावच मुळी अमरावतीवरून पडलेले, उमरा. म्हणजे दादरच्या बाईने स्वस्त साडी घेतली आणि तिचा धक्का वऱ्हाडातल्या काळ्या मातीला बसला. शेवटी १९३४ च्या करारात ठरले, की जपानने पंधरा लाख गाठी कापूस घ्यावा आणि चाळीस कोटी वार कापड धाडावे. वऱ्हाडचा शेतकरी आणि ओसाकाचा विणकर यांच्यात हा सौदा झाला, आणि दोघांपैकी कोणालाही विचारले नव्हते!

पण या साऱ्या खुणांत सर्वांत बोलकी खूण सोन्याची. तिच्याजवळ थोडे थांबू.

आपल्या देशात शतकानुशतके सोने यायचेच, जायचे नाही. १९२४-२५ या एका वर्षात सत्तर कोटींहून अधिक रुपयांचे सोने आले होते. १९३०-३१ पर्यंत ही आवक तेरा कोटींच्या घरात उतरली. हीच पहिली सूचना. लोकांनी सोने विकायच्या आधी घ्यायचे थांबवले होते. ज्या घरात दिवाळीनंतर, सुगीचे पैसे हाती आले की अर्धा तोळा घडायला टाकायची रीत, तिथे ती मोडली.

मग २१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने सोन्याचे परिमाण सोडले. रुपया पौंडाला बांधलेला, तेव्हा पौंड उतरला तसा रुपयाही सोन्याच्या मानाने उतरला. तोवर सोन्याचा कायद्याने ठरलेला भाव तोळ्याला एकवीस रुपये तीन आणे दहा पै होता. थोड्याच महिन्यांत तो तिशीच्या आसपास गेला. जगात सगळे काही उतरत असताना एकच वस्तू चढत होती, आणि ती नेमकी घरातल्या बाईच्या अंगावर होती.

पुढे जे झाले ते याआधी कधी झाले नव्हते. १९३१-३२ साली सुमारे ५८ कोटी रुपयांचे सोने देशाबाहेर गेले. पुढच्या साली ६५ कोटींचे. दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत एकूण तीनशे कोटींहून अधिक. खेड्यातल्या सोनाराकडून तालुक्याच्या सराफाकडे, तिथून मुंबईच्या झवेरी बाजारात, तिथे आटून लगडी, आणि लगडी विलायतेच्या बोटीवर. पाटल्या, गोठ, पुतळ्यांची माळ, एकदाणी. आटवल्यावर सगळ्यांचे एकच रूप. व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांनी खासगी पत्रात यावर समाधान व्यक्त केले होते. हिंदी लोक एकदाचे सोने बाहेर काढू लागले, असा त्याचा भाव. सरकारच्या दृष्टीने ते खरेही होते. या सोन्यामुळे लंडनची देणी भागली, रुपयाचा दर टिकला.

सरकारचे म्हणणे असे, की भाव चढला म्हणून लोकांनी नफा केला, यात रडण्यासारखे काय? काहींच्या बाबतीत ते बरोबर आहे. झवेरी बाजारातल्या व्यापाऱ्याने एकवीसला घेतलेले तिशीला विकले तर तो नफाच. पण शेतकऱ्याच्या घरातला दागिना नफ्यासाठी घेतलेला नसतो. तो विकून आलेल्या तीस रुपयांचे जर कापड आले असते, बैल आला असता, तर आपण त्याला नफा म्हणू. ते तीस रुपये चावडीवर गेले आणि सावकाराच्या वहीत गेले. या दोन्ही पक्षांच्या वादात मी शेतकऱ्याच्या बाजूचा आहे, आणि त्याचे कारण कापडाच्या आणि रेल्वेच्या नोंदींत आहे. तीनशे कोटींचा नफा झालेल्या देशात बाजारपेठा अशा ओस पडत नाहीत.

आणि दागिना कोणाचा होता? धर्मशास्त्राने स्त्रीधन बाईचे. आणि ते मोडायचे ठरले ते बहुतेक घरी ओटीवर बसून, माजघरात न विचारता. देशाच्या ताळेबंदात ज्याला सोन्याची निर्यात म्हणतात, ती मोठ्या अंशाने स्त्रियांच्या मालकीची निर्यात होती. आयात-निर्यातीच्या जाड पुस्तकांत यासाठी वेगळा रकाना नाही.

आता थोडे रेडिओविषयी, कारण हे पुस्तक आकाशवाणीचे आहे. १९३१ च्या जानेवारीत बी.बी.सी.वरून अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचे एक भाषण झाले, आणि ते लगेच तिथल्या भाषणांच्या साप्ताहिकात छापूनही आले. त्यांनी इंग्लंडच्या गृहिणींना चक्क सांगितले, की घरात बसू नका, बाजारात जा, चादरी-पलंगपोस स्वस्त आहेत तोवर घ्या. तुम्ही पाच शिलिंग वाचवता तेव्हा कोणा एकाचा एका दिवसाचा रोजगार जातो. काटकसर हाच सद्‌गुण मानणाऱ्या लोकांना हे ऐकून काय वाटले असेल! प्रत्येकाने हात आखडला तर सर्वांचेच उत्पन्न घटते, आणि बचत करायलाही काही उरत नाही, हे तत्त्व पुढे १९३६ च्या ग्रंथात त्यांनी मांडले. टपालखात्यात पैसे टाकणाऱ्या आपल्या कारकुनाला ते लागू पडले असते. खेड्यातल्या बाईला मात्र बाजारात जा असे सांगून उपयोग नव्हता. ती गेलीच होती, सराफाकडे.

आणि त्या वेळी आपल्या रेडिओची काय अवस्था होती? मुंबईचे केंद्र १९२७ च्या जुलैत एका खासगी कंपनीने सुरू केले, ती कंपनी १९३० साली बुडाली, सरकारने केंद्र हाती घेतले. साऱ्या देशात परवाने आठ हजारांच्या आसपास. परवान्याला वर्षाचे दहा रुपये पडत. मंदीत सरकारने काटकसरीची कुऱ्हाड चालवली तेव्हा १९३१ च्या ऑक्टोबरात रेडिओ बंद करण्याचेच जाहीर केले. मग संच विकणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी आरडाओरडा केला, नोव्हेंबरात निर्णय फिरवला, आणि १९३२ च्या मे महिन्यात कायमचे चालू ठेवायचे ठरले. थोडक्यात वाचला म्हणायचा.

पण करमणुकीचा खर्च सगळाच गेला असे नाही, आणि हे मोठे गमतीचे आहे. याच १९३१ च्या मार्चमध्ये मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' लागला आणि तिकिटासाठी लोटालोट झाली. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. त्याच वर्षांत मराठी नाटक मंडळ्या एकामागून एक मोडकळीला येत होत्या. त्यांना बोलपटाने मारले असे म्हणतात. पण खिशात चार आणे उरलेला माणूस रात्रभराच्या नाटकाचे तिकीट सोडून बोलपटाच्या पुढच्या बाकावर जाऊन बसला, हेही त्यात आहेच. मोठी चैन गेली की माणूस छोटी चैन अधिक घट्ट धरतो.

अमेरिकेत याचा अभ्यास पुढे बारकाईने झाला. क्रिस्टिना रोमर या विदुषीने १९९० साली दाखवून दिले, की १९२९ च्या ऑक्टोबरनंतर काही आठवड्यांतच टिकाऊ वस्तूंची खरेदी कोसळली, वाण्याच्या दुकानातली मात्र टिकून राहिली. नोकरी अजून गेली नव्हती. उद्या राहील की नाही याची धास्ती आली होती. मोटार म्हणजे वर्षानुवर्षांचे ओझे, ते धास्तीत कोण घेणार? १९२९ साली त्या देशात सुमारे त्रेपन्न लाख मोटारी आणि ट्रक तयार झाले, १९३२ साली चौदा लाखही झाले नाहीत.

गिरणगावाकडे वळू. इथे मंदी उशिरा आली, पण आली तेव्हा जोराने. १९३३ साली मुंबईतल्या अनेक गिरण्या बंद पडल्या, राहिलेल्यांनी मजुरी कापली, आणि १९३४ च्या एप्रिलात सार्वत्रिक संप झाला. गिरणीतली मजुरी म्हणजे एकट्या परळ-लालबागचे उत्पन्न नव्हे. रत्नागिरीच्या आणि साताऱ्याच्या गावांतली चूल महिन्याच्या मनिऑर्डरीवर चाले. परळला पाळी बंद झाली की चिपळूणकडच्या वाण्याची उधारी थकायची.

सुदैवाने या वर्गाच्या घरखर्चाची पाहणी मुंबईच्या मजूर खात्याने नेमकी १९३२-३३ साली केली. तीत खर्चातला अन्नाचा वाटा सुमारे ४७ टक्के निघाला. दहा वर्षांपूर्वीच्या पाहणीत तो निम्म्याहून बराच अधिक होता. एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली असा नियम घालून दिला आहे, की घर जसे सधन होते तसा अन्नावरच्या खर्चाचा वाटा कमी होतो. मग गिरणीकामगार मंदीत सधन झाला काय? नाही. धान्य मातीमोल झाले होते म्हणून वाटा उतरला. त्या ४७ टक्क्यांच्या आत खेड्यातल्या शेतकऱ्याचा तोटा दडलेला आहे. आकडा खरा असतो, पण तो कोणत्या हवेत काढला हे पाहिल्याशिवाय त्याच्याशी बोलू नये.

हे सावधपण आजही लागते. आपल्या देशात २०१७-१८ साली घरखर्चाची राष्ट्रीय पाहणी झाली. तिचा अहवाल प्रसिद्ध होण्याआधीच २०१९ च्या नोव्हेंबरात वर्तमानपत्रात फुटला. माणशी मासिक खर्च, महागाई वजा करून, २०११-१२ च्या १,५०१ रुपयांवरून १,४४६ वर उतरला होता. शहरात किंचित वाढ, खेड्यात नऊ टक्क्यांच्या जवळपास घट. आकडेवारीचा दर्जा बरोबर नाही असे सांगून सरकारने तो अहवाल रद्द केला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्रवासी मोटारींची विक्री आधीच्या ऑगस्टपेक्षा एकतीस टक्क्यांहून अधिक घटली होती, आणि पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडासुद्धा पूर्वीसारखा खपत नाही असे पारले कंपनीच्या अधिकाऱ्यांनी सांगितले होते. मोटार ही धास्तीची खूण आहे, पुडा हा हलाखीची. दोन्ही एका वेळी दिसू लागल्यावर पाहणीच्या दर्जाविषयी वाद घालताना जरा जपून बोलायला हवे होते, असे माझे मत आहे. पुढची पाहणी २०२२-२३ साली झाली. तीत खेड्यातल्या खर्चात अन्नाचा वाटा ४६ टक्क्यांवर आला, हे प्रगतीचे लक्षण म्हणून गौरवले गेले. असेलही. १९३२-३३ च्या गिरणगावातही तो जवळपास तेवढाच होता.

सोन्याचे मात्र आता रूप बदलले आहे. दागिना मोडण्याऐवजी तो बँकेत तारण ठेवतात, आणि गेल्या काही वर्षांत अशी कर्जे फार वेगाने वाढली आहेत. भाव चढला म्हणून वाढली, की गरज वाढली म्हणून, हा वाद नव्वद वर्षांपूर्वीचाच आहे, फक्त बोट नाही.

त्या १९३१-३२ च्या सोन्याचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी मुंबई सरकारने १९३९ साली ऋणनिवारणाचा कायदा केला. तेवढ्यात महायुद्ध लागले, भाव चढू लागले, आणि ज्या ज्वारीच्या पंधरा मणांत साठ रुपये उभे राहत नव्हते ती चढ्या भावाने जाऊ लागली. जुनी कर्जे आता थोड्या मालात फिटू लागली, पुष्कळांनी ती फेडलीही. मग ज्यांनी दागिने मोडले होते त्यांपैकी ज्यांच्या हाती चार पैसे राहिले, त्यांना सराफाच्या पेढीची आठवण झाली. तिशीच्या आतबाहेर दिलेले सोने १९४७ साली तोळ्याला शंभर रुपयांच्या आसपास होते.